बी७ वरचा उंट: आरोनियन–आनंद, वाइक आन झे, २०१३

१५ जानेवारी २०१३. आपल्याकडे किंक्रांत, आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यावरच्या वाइक आन झे या छोट्या गावात टाटा स्टील बुद्धिबळ स्पर्धेची चौथी फेरी. पांढरी मोहरी लेव्हॉन आरोनियनकडे. त्या वेळी २८०० च्या वर मानांकन असणारे खेळाडू जगात मोजकेच होते, त्यांतला हा एक. काळी मोहरी तेव्हाचा विश्वविजेता विश्वनाथन आनंद याच्याकडे. तेविसाव्या चालीनंतर आरोनियनने डाव सोडला. आपण काळ्या मोहऱ्यांनी खेळतोय आणि समोर आरोनियन आहे, अशा वेळी बरोबरी पदरात पडली तरी माणूस समाधानाने झोपतो. इथे तर पांढऱ्याचा एक हत्ती आणि एक उंट शेवटपर्यंत जागचे हललेसुद्धा नाहीत.

हा डाव शिकवताना बहुतेक जण थेट सोळाव्या चालीवर उडी मारतात. तिथे काळ्याची तीन मोहरी एकाच वेळी माऱ्यात आहेत, आणि तरी तो आणखी एक घोडा पुढे सरकवतो. मुलं टाळ्या वाजवतात, तास संपतो, आणि हाती फारसं काही लागत नाही. माझ्या मते हा डाव सोळाव्या चालीपासून बघायचाच नाही. बघायचा तो चौथ्या-पाचव्या चालीपासून, आणि नजर ठेवायची एकाच मोहऱ्यावर: काळ्याचा पांढऱ्या घरांतला उंट. सुरुवातीला तो सी८ वर स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला असतो. सबंध डावात तो एकदाच हलतो. आणि तरी शेवटच्या दहा चालींत आरोनियनची जवळजवळ प्रत्येक अडचण याच उंटाशी येऊन ठेपते.

आधी सगळा डाव. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल. × म्हणजे मारणं, + म्हणजे शह, ०-० म्हणजे राजाकडचा किल्लेकोट. कंसातलं अक्षर म्हणजे मोहरं ज्या उभ्या पट्टीतून निघालं ती, आणि आकड्यापुढे तीन टिंबं म्हणजे काळ्याची चाल.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घो(बी)-डी७ ६. उं-डी३ डी×सी४ ७. उं×सी४ बी५ ८. उं-डी३ उं-डी६ ९. ०-० ०-० १०. व-सी२ उं-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उं-सी५ १६. उं-ई२ घो(डी)-ई५ १७. उं×जी४ उं×डी४+ १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उं-ई३. पांढऱ्याने डाव सोडला.

पट काढून हा डाव एकदा न थांबता खेळून घ्यावा. खालचं सगळं दुसऱ्या वेळच्या वाचनासाठी आहे.

उधारीवरचा बचाव

या ओपनिंगला, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या मांडणीला, सेमी-स्लाव्ह म्हणतात. नावातच बचाव आहे, आणि पहिल्या चार चाली बघितल्या तर तो अगदी सोवळ्यातला बचाव वाटतो. सी६, डी५, ई६ अशी प्याद्यांची भिंत. पांढऱ्याने मध्यावर कितीही रेटा लावला तरी डी५ ढासळत नाही. पण ही तिन्ही प्यादी पांढऱ्या घरांवर उभी आहेत, आणि सी८ वरचा उंटही पांढऱ्या घरांतलाच. म्हणजे घर भक्कम केलं आणि आपल्याच माणसाला आत कोंडलं. सेमी-स्लाव्ह खेळणाऱ्याने पहिल्या दिवशीच हे मनाशी पक्कं करावं लागतं: हा उंट उधारीवर आहे. ती उधारी वेळेत फेडली नाही तर पुढचे तीन तास रडतखडत बचाव करायचा.

फेडण्याची एक जुनी रीत म्हणजे मेरान प्रकार. काळा वाट बघत राहतो. पांढऱ्याने राजाकडचा उंट डी३ वर आणला की मग डी×सी४. तो उंट पुन्हा हलून सी४ घेतो, की लगेच बी५ करून त्याला मागे लोटायचं. आता सी८ च्या उंटाला बी७ ची खिडकी मिळाली, आणि प्याद्याने सी५ गाठलं की त्या खिडकीसमोरचा पडदाही बाजूला झाला. उंटाने खिडकीत बसायचं आणि सी६ च्या प्याद्याने एक दिवस उठून जायचं, इतकाच हा बेत.

आरोनियनच्या उंटाचा हिशेब इथेच मांडून ठेवू. सहाव्या चालीला डी३, सातव्या चालीला सी४, आठव्या चालीला पुन्हा डी३. पुढे सोळाव्या चालीला ई२, सतराव्या चालीला जी४ वर मारामारी आणि तिथेच तो संपतो. पाच चाली. त्याच्या राजाकडच्या घोड्याच्याही पाच: एफ३, जी५, एच७, एफ८, जी६, आणि तोही तिथे मारला जातो. म्हणजे पांढऱ्याच्या तेवीस चालींपैकी दहा चाली ज्या दोन मोहऱ्यांवर गेल्या, ती दोन्ही शेवटी पटावर उरलीच नाहीत. उलट काळ्याचा बी७ चा उंट एक चाल खेळला आणि सी८ चा हत्ती एक चाल. जिथे बसले तिथूनच त्यांनी काम केलं.

या प्रकाराला मेरान नाव पडलं ते इटलीच्या उत्तरेकडच्या मेरानो गावात १९२४ साली झालेल्या स्पर्धेवरून. तिथे आकिबा रुबिन्स्टाइनने काळ्या मोहऱ्यांनी एर्न्स्ट ग्र्युनफेल्डविरुद्ध ही रचना खेळली आणि डाव जिंकला. रुबिन्स्टाइन हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

आनंदची आणि मेरानची ओळखही जुनी. ऑक्टोबर २००८ मध्ये बॉनला क्रामनिकविरुद्धच्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत त्याने तिसरा आणि पाचवा डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकला, आणि दोन्ही मेरानच होते. मे २०१२ मध्ये मॉस्कोत गेल्फंडविरुद्ध किताब राखताना काळ्या बाजूने सेमी-स्लाव्ह हाच त्याचा एक मुख्य आधार होता, आणि आरोनियनविरुद्ध वापरलेली कल्पना त्याच तयारीच्या वह्यांतली. विश्वविजेतेपदासाठी शिजवलेलं सगळंच काही त्या लढतीत वाढलं जात नाही. उरलेलं डब्यात राहतं.

बारावी चाल: कोण आधी मारतो

अकराव्या चालीनंतरचा पट शांतपणे बघा. पांढऱ्याचा वजीर सी२ वर, उंट डी३ वर, दोघांची नजर एच७ वर. काळ्याचा उंट बी७ वर, हत्ती सी८ वर, आणि दोघांच्याही समोर स्वतःचंच सी६ चं प्यादं. काळ्याला सी५ हवंय हे तिसऱ्या इयत्तेतलं पोरही सांगेल. ते झालं की उधारी फिटली.

आरोनियनलाही ते दिसतंय. म्हणून तो घोडा जी५ वर उडवतो. आता एच७ वर तीन मोहऱ्यांचा मारा आणि बचावाला फक्त घोडा आणि राजा. हेतू स्पष्ट आहे: काळ्याला सी५ खेळायला सवडच द्यायची नाही, आधी एच७ कडे बघ म्हणायचं.

इथे क्लबातला खेळाडू एच६ किंवा जी६ खेळतो. प्यादं वाचवणं हा आपल्या हाताचाच धर्म झालेला असतो. आनंद सी५ खेळतो. जणू एच७ चं प्यादं त्याचं नाहीच. डावातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, असं मला वाटतं. याला कोणी दोन उद्गारचिन्हं (अफलातून चालीची खूण) देत नाही, कारण यात काही मारलेलं दिसत नाही. पण या एका चालीने सी६ चं प्यादं सरकलं आणि बी७ पासून थेट जी२, एच१ पर्यंतची तिरकी रेघ मोकळी झाली. एका प्याद्याच्या बदल्यात खिडकी उघडली.

आरोनियनने एच७ घेतलं, तेही घोड्याने. त्यामुळे तो घोडा एफ८ च्या हत्तीवर चालून आला. काळ्याने हत्ती हलवला नाही, एफ६ च्या घोड्याने एच७ वरचा घोडाही मारला नाही. तो घोडा गेला जी४ वर. आता डी६ चा उंट आणि जी४ चा घोडा मिळून एच२ वर बघतायत, आणि घोडा बाजूला झाल्याने काळ्या वजिराला डी८ वरून एच४ पर्यंतची वाट मोकळी झाली.

पांढऱ्याने हत्ती फुकट का नाही घेतला? १४. घो×एफ८ उं×एच२+ १५. रा-एच१ व-एच४. आता धमकी आहे उंट जी३ वर नेऊन वजिराचा शह उघडा करायची: राजा जी१ वर, मग वजीर एच२ वर मात. पांढऱ्याचं मन म्हणतं, जी३ खेळून सगळं बंद करू. पण ते खेळताच येत नाही! जी२ चं प्यादं हललं तर बी७ च्या उंटाचा शह थेट एच१ वरच्या राजावर पडतो, म्हणजे चालच बेकायदा. हे प्यादं खिळलेलं आहे. पटाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या उंटाने, एकही चाल न खेळता, राजाच्या दारातलं प्यादं गोठवून टाकलं. हा प्रकार लक्षात ठेवा, कारण डावाचा शेवट याच खिळलेल्या प्याद्यावर होणार आहे.

म्हणून आरोनियनने १४. एफ४ खेळून डी६–एच२ ही वाट बुजवली. चाल समंजस आहे, पण किंमत मोजून. एफ४ झालं की जी१ पासून ए७ पर्यंतचा कर्ण राजाच्या बाजूने उघडा पडतो. काळ्याने सी×डी४ करून सी-पट्टीही उघडली. आता सी८ च्या हत्तीसमोर सी३ चा घोडा आणि त्याच्यामागे पांढरा वजीर. दोन चालींपूर्वी ज्या मोहऱ्यांना श्वास घ्यायला जागा नव्हती, ती सगळी एकदम जागी झाली.

पंधरा, सोळा, सतरा

पंधराव्या चालीला काळ्याने डी६ चा उंट सी५ वर ठेवला. डी४ च्या प्याद्याच्या तोंडात. एफ८ चा हत्ती अजून माऱ्यात आहेच. कारण साधं आहे: डी६–एच२ बंद झाली तर उंटाने तिथे बसून काय करायचं? सी५ वरून तो डी४ आणि त्याच्यामागच्या जी१ वर बघतो. प्याद्याने उंट घेतला तर डी७ चा घोडा सी५ वर येतो, डी-पट्टी उघडते, आणि डी३ च्या उंटावर मारा, डी४ वर वजिराचा शह अशा दोन गोष्टी एकाच वेळी उभ्या राहतात. आणि पांढऱ्याने आता हत्ती घेतला तर? १६. घो×एफ८ उं×डी४+ १७. रा-एच१ व-एच४ १८. एच३ व-जी३. आता एच२ वर मातेची धमकी. १९. एच×जी४ घेतलं की व-एच४, आणि मात. जी१ वर डी४ च्या उंटाचा पहारा आहे, पळायला घर नाही.

आरोनियन १६. उं-ई२ खेळला. जी४ च्या घोड्याला हुसकवायचं, आक्रमणाचा कणाच मोडायचा. पहिल्या नजरेला ही चाल कुणालाही पटेल. पण उंट ई२ वर गेल्याने दोन गोष्टी बिघडल्या. एक, डी३ वरचा आक्रमक उंट आता निव्वळ बचावाला लागला. दुसरी जास्त महागात पडते: सी२ च्या वजिराला दुसऱ्या रांगेतून एफ२ पर्यंत जी वाट होती, ती याच उंटाने अडवली. एफ२ वर आता फक्त एफ१ च्या हत्तीचा आणि राजाचा पहारा उरला. मोहऱ्याने शत्रूकडे जाताना आपल्याच माणसाची वाट अडवणं हा प्रकार इतका साधा आहे की मोठमोठ्या खेळाडूंच्या डावांतही सापडतो.

आणि मग ती चाल. डी७ चा घोडा ई५ वर. हत्ती माऱ्यात, सी५ चा उंट माऱ्यात, जी४ चा घोडा माऱ्यात, आणि ई५ चा नवा घोडा डी४ आणि एफ४ या दोन्ही प्याद्यांच्या माऱ्यात. पण घोडा डी७ वरून उठल्याने काळ्या वजिराला डी४ दिसायला लागलं.

दोन फांद्या पट मांडून नीट खेळा, कारण दोन्हींचा शेवट एकाच तऱ्हेच्या मातेत होतो आणि तरी दोन्हींचं कारण वेगळं आहे.

पहिली: १७. एफ×ई५ व×डी४+ १८. रा-एच१ व-जी१+. वजीर राजाच्या शेजारी जाऊन बसला. राजाला तो घेता येत नाही, कारण सी५ चा उंट जी१ वर पहारा देतोय. हत्तीनेच घ्यावा लागतो: १९. ह×जी१, आणि घो-एफ२, मात. राजा आपल्याच हत्ती-प्याद्यांत कोंडला गेला. एफ२ चा घोडा पांढऱ्या वजिराने का नाही घ्यायचा? मध्ये ई२ चा उंट आहे.

दुसरी: १७. डी×सी५ घेतलं तर सी५ चा उंटच गेला, म्हणजे जी१ वरचा पहारा गेला. आता थेट व-जी१ चालणार नाही, राजा वजीर गिळेल. मग काळा पहारेकरी बदलतो. १७... व-डी४+ १८. रा-एच१ घो-एफ२+ १९. रा-जी१ घो-एच३, दुहेरी शह, २०. रा-एच१ व-जी१+ २१. ह×जी१ घो-एफ२ मात. पहिल्या फांदीत जी१ ची राखण उंटाने केली, दुसऱ्यात एच३ च्या घोड्याने. १९. ह×एफ२ घेऊन सुटका शोधली तर व×एफ२, आणि जी२ वर बी७ च्या उंटाच्या जोरावर मातेची धमकी. पांढऱ्याने उंट ई२ वरून हलवून दुसरी रांग मोकळी करायची म्हटलं, तर काळा वजीर सरळ सी२ चा वजीर घेतो.

मुलांना मी पहिली फांदी सोडवून दाखवत नाही. पट मांडून देतो आणि एवढंच विचारतो: वजीर जी१ वर गेला तर त्याला राखतंय कोण? तो प्रश्न सुटला की मात आपोआप सापडते. वजिराच्या बलिदानाचं कौतुक नंतर करता येतं, आधी राखणदार मोजायला शिकावं.

आरोनियनने हे सगळं बघितलं आणि १७. उं×जी४ केलं, जे त्यातल्या त्यात बरं होतं. काळ्याने लगेच घोडा परत घेतला नाही. आधी उं×डी४ शह. राजा एच१ वर गेला, म्हणजे स्वतःच्या पायांनी बी७ च्या रेघेवर जाऊन उभा राहिला, आणि जी२ चं प्यादं पुन्हा खिळलं. मग १८... घो×जी४. आता आरोनियनने एफ८ चा हत्ती घेतला. शेवटी तो मिळाला एकदाचा.

एफ५: न मारण्याची चाल

एकोणिसाव्या चालीला काळ्यापुढे तीन मोह आहेत. राजाने एफ८ चा घोडा घ्या, वजिराने घ्या, किंवा वजीर सरळ एच४ वर नेऊन मातेची धमकी द्या. तिसरी सगळ्यांत देखणी दिसते. पण १९... व-एच४ ला २०. व-एच७+ असं उत्तर आहे. काळ्याला व×एच७ करावं लागतं, २१. घो×एच७ रा×एच७, आणि वजीर गेले. पटावर काळ्याचे दोन सुंदर उंट उरले, पण समोर एक हत्ती जास्त आणि आक्रमण गायब. अशा ठिकाणी जिंकलेला डाव निसटतो आणि नंतर आठवडाभर आपण स्वतःलाच समजावत बसतो.

आनंद एफ५ खेळला. काही मारलं नाही, शह दिला नाही. एक प्यादं दोन घरं पुढे. सी२ ते एच७ ची वाट बंद, जी४ च्या घोड्याला आधार, आणि आता व-एच४ ची धमकी खरी. सोळावी चाल घरी संगणकाशेजारी बसून सापडू शकते; एकोणिसावी समजून घेण्यासाठी आक्रमण करताना स्वतःच्या राजाकडे बघायची सवय लागते. मुलांना मी ही चाल ई५ च्या घोड्यापेक्षा जास्त वेळ बघायला लावतो. त्यांना ते आवडत नाही.

पुढचं झटपट. एफ८ चा घोडा जी६ वर आला तो एच४ राखायला. काळ्या वजिराने एफ६ वरून त्याच्यावर मारा केला. २१. एच३, आणि व×जी६. आता पांढऱ्याने जी४ चा घोडा घेतला तर एच-पट्टी उघडते, वजीर एच६ किंवा एच७ वर, आणि मात. व-ई२ नंतर व-एच५. इथे काळा घोडा पुन्हा माऱ्यात दिसतो, पण एच३ चं प्यादंही खिळलंय: ते जी४ वर गेलं तर राजा वजिराच्या समोर उघडा पडतो. म्हणजे आरोनियनच्या राजासमोरची दोन प्यादी, जी२ आणि एच३, दोन्ही जागच्या जागी बांधलेली. एकाला बी७ च्या उंटाने बांधलंय, दुसऱ्याला एच५ च्या वजिराने. धमकी आहे व×एच३, आणि तीच मात, कारण जी२ ला ते घेता येणार नाही.

२३. व-डी३. तिसऱ्या रांगेतून एच३ राखलं, शिवाय डी४ च्या उंटावर मारा. उपाय एकच होता आणि तो त्याने शोधला. उत्तर उं-ई३. माऱ्यातला उंट सुटला, आणि सुटताना नेमका वजीर आणि एच३ यांच्या मध्ये जाऊन बसला. उं×ई३ केलं तर पांढऱ्याचाच उंट वजिराची वाट अडवतो: व×एच३+, रा-जी१, व-एच२ मात. व×ई३ केलं तर घो×ई३, आणि वजीर गेल्यावर उं×ई३ व×एच३+ रा-जी१ व×जी२ मात. शेवटच्या चालीत वजिराच्या पाठीशी कोण? बी७ चा उंट. दहाव्या चालीपासून तिथेच.

लॉजचा डाव

डाव संपता संपताच जगभरच्या समालोचकांच्या तोंडी एक जुनं नाव आलं: रॉटलेवी–रुबिन्स्टाइन, लॉज (आजच्या पोलंडमधलं शहर), १९०७. तिथेही काळ्याचा एक उंट बी७ वर, दुसरा बी६ वर, घोडा जी४ वर, वजीर एच४ वर, हत्ती सी८ वर. रुबिन्स्टाइनने त्या हत्तीने सी३ चा घोडा घेतला, वजीर माऱ्यात सोडून दिला, दुसरा हत्ती डी२ वर फेकला आणि पंचविसाव्या चालीला पहिला हत्ती एच३ वर ठेवून डाव संपवला. ओपनिंग वेगळं होतं, तो टार्राश बचाव. पण राजावर रोखलेले शेजारी-शेजारी दोन उंट आणि जी४ चा घोडा, ही मांडणी तीच.

दोन डाव एकमेकांशेजारी ठेवले की फरकही दिसतो, आणि तोच मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९०७ मध्ये पांढऱ्याने वजीर आधी डी२, मग ई२ असा हलवला, उंटाच्या डी३–सी४–डी३ अशा खेपा घातल्या. काळ्याला चाली आयत्या मिळाल्या आणि पहिला घाव त्यानेच घातला. आनंदसमोरचा माणूस स्वस्थ बसलेला नव्हता. एच७ चं प्यादं आरोनियनने मारलं, हत्तीवर पहिला हल्लाही त्याचाच. घाव सोसत असताना जुनं चित्र ओळखणं आणि आपल्यावरचा मारा मोजत मोजत ते पुरं करणं, हे रुबिन्स्टाइनच्या डावापेक्षा अवघड काम आहे. सौंदर्याच्या बाबतीत मात्र मी आजही लॉजच्या बाजूचा. एच३ वर थांबलेल्या त्या हत्तीची सर उं-ई३ ला नाही.

काही जण म्हणतात, हे सगळं घरची तयारी, यात खेळाडूचं काय? त्यांनी घरी संगणक लावून बाराव्या चालीपासूनच्या फांद्या पाठ करून बघाव्यात आणि महिन्याभराने, घड्याळ चालू असताना, आठवून दाखवाव्यात. पाठ केलेलं विसरतं. बी७ चा उंट जी२ ला खिळवतो हे समजलेलं विसरत नाही, आणि वरच्या सगळ्या फांद्या त्या एका खिळ्यातून परत उभ्या करता येतात.

स्पर्धा पुढे मॅग्नस कार्लसनने १३ पैकी १० गुण मिळवून जिंकली. ती या स्पर्धेची पंचाहत्तरावी खेप होती. कोरस कंपनी मुंबईच्या टाटा स्टीलने २००७ मध्ये घेतली, तेव्हापासून वाइक आन झेच्या शेजारचा पोलाद कारखाना टाटांचा. स्पर्धेला ते नाव २०११ मध्ये मिळालं. आनंद शेवटच्या फेरीत वांग हाओकडून हरला आणि कार्याकिनबरोबर ८ गुणांवर राहिला. साडेआठ गुण घेऊन दुसरा आला तो आरोनियन.

ज्यांना पुढे जायचं आहे त्यांनी यानंतर बॉनचा तिसरा डाव मांडावा, क्रामनिक–आनंद, २००८. मेरानच, पण आठव्या चालीला काळा उं-डी६ ऐवजी प्यादं ए६ वर सरकवतो. पांढरा बाराव्या चालीला एफ६ चा घोडा घेतो, जी-प्यादं एफ६ वर येतं आणि जी-पट्टी उघडते. उंट चौदाव्या चालीला बी७ वर येतो आणि पुढच्याच चालीला हत्ती जी८ वर. जी२ वर तिथे दोन बाजूंनी नजर आहे.